एकही विजेतेपद नाही, तरी जगात एकोणिसावी: तामारीन तानासुगार्नच्या कारकिर्दीचं गणित

मे २००२ ची महिला टेनिसची जागतिक क्रमवारी. एकोणिसाव्या नंबरावर थायलंडची तामारीन तानासुगार्न. वय पंचविशीच्या उंबरठ्यावर. पुढच्या रकान्यात एकेरीतली विजेतेपदं किती म्हणून पाहावं, तर शून्य.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली. आपल्या डोक्यात क्रमवारी म्हणजे दहावीच्या निकालासारखी यादी असते. जास्त जिंकेल तो वर, कमी जिंकेल तो खाली. मग जिनं त्या दिवसापर्यंत मुख्य पातळीवरची एकही स्पर्धा जिंकली नव्हती, ती जगातल्या पहिल्या वीस बायकांत कशी? आणि पुढे हीच बाई तिशी ओलांडल्यावर, क्रमवारीत पार घसरलेली असताना, विजेतेपदांवर विजेतेपदं कशी घेते?

या कोड्याचं उत्तर टेनिसच्या तीन गोष्टींत आहे: गुणांचा हिशोब, स्पर्धांची उतरंड आणि गवत. त्या समजल्या की तामारीनची बावीस वर्षांची कारकीर्द आपोआप उलगडते. ती समजली की टीव्हीवर टेनिस बघताना खाली सरकणाऱ्या आकड्यांचाही अर्थ लागायला लागतो, हा वरचा फायदा.

गुण म्हणजे भाड्याचं घर

टेनिसमध्ये गुण कमावता येतात, पण ते कायमचे आपले होत नाहीत. आपल्याकडे भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असतो, तसा इथे करार बावन्न आठवड्यांचा. यंदा जूनमध्ये एखाद्या स्पर्धेत २५० गुण मिळाले, तर पुढच्या जूनपर्यंत ते तुमच्या नावावर राहतात. मग ते जातात. त्याच सुमाराला तेवढे गुण पुन्हा कमावले तर जागा टिकते, नाहीतर सामान बांधायचं. यालाच टेनिसच्या भाषेत ‘गुण राखणं’ म्हणतात. समालोचक एखादीला ‘या आठवड्यात बरेच गुण राखायचे आहेत’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा की गेल्या वर्षी याच दिवसांत तिनं मोठी मजल मारली होती आणि आता घरमालक दारात उभा आहे.

दुसरी गोष्ट, सगळ्या स्पर्धा सारख्या वजनाच्या नसतात. आजचे आकडे घेऊन पाहू, कारण ते लक्षात ठेवायला सोपे आहेत. डब्ल्यूटीए (महिला टेनिसची व्यावसायिक संघटना) दौऱ्यावरच्या छोट्या स्पर्धेला ‘२५०’ म्हणतात, कारण ती जिंकली की २५० गुण. त्याच्या वर ‘५००’, मग ‘१०००’ आणि सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम, जिथे विजेतीला २००० गुण मिळतात. ग्रँड स्लॅममध्ये नुसत्या चौथ्या फेरीपर्यंत पोचून हरलात तरी २४० गुण मिळतात. म्हणजे विम्बल्डनमध्ये तीन सामने जिंकून चौथा हरणं हे जवळजवळ एक आख्खी छोटी स्पर्धा जिंकण्याएवढं.

आता दोन खेळाडू डोळ्यांसमोर आणा. पहिलीनं वर्षात तीन २५० च्या स्पर्धा जिंकल्या, पण चारही ग्रँड स्लॅममध्ये पहिल्याच फेरीत गेली. तिचे ७५० आणि पहिल्या फेरीचे प्रत्येकी १० धरून ४०, एकूण ७९०. दुसरीनं वर्षभरात काहीच जिंकलं नाही. पण एका ग्रँड स्लॅममध्ये चौथी फेरी (२४०), उरलेल्या तिन्हींत तिसरी फेरी (प्रत्येकी १३०, म्हणजे ३९०), शिवाय ५०० च्या आठ स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरी (प्रत्येकी १०८, म्हणजे ८६४). बेरीज १४९४. पहिलीच्या घरी तीन चषक, दुसरीच्या घरी एकही नाही, आणि क्रमवारीत दुसरी कितीतरी वर.

२००२ मध्ये गुणांचे आकडे वेगळे होते. शिवाय त्या काळात वरच्या नंबराच्या खेळाडूला हरवलं की जादा गुणही मिळत. पण तत्त्व हेच. तामारीन ही त्या दुसऱ्या बाईची जिवंत आवृत्ती होती. हरायची, पण उशिरा हरायची. दर आठवड्याला कोणाला तरी घरी पाठवून मगच स्वतः विमानात बसायची.

लॉस एंजेलिस, बँकॉक आणि खालच्या पायऱ्या

तिचा जन्म २४ मे १९७७ चा, लॉस एंजेलिसचा. आईवडील थाई. पुढे कुटुंब थायलंडला परतलं आणि तिला घडवलं वडिलांनी, विराचाई यांनी. टेनिसच्या जगात ती ‘टॅमी’ म्हणूनच ओळखली जाई. १९९५ मध्ये विम्बल्डनच्या ज्युनिअर मुलींच्या अंतिम फेरीत ती पोलंडच्या अलेक्झांड्रा ओल्शाकडून हरली. ही स्पर्धा गवतावरची, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

ज्युनिअर उपविजेती झालं म्हणून मोठ्या दौऱ्यावर कोणी पायघड्या घालत नाही. टेनिसची उतरंड खालून सुरू होते. सगळ्यात खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा. आज त्यांची बक्षिसाची रक्कम १५,००० डॉलरपासून १,००,००० डॉलरपर्यंत असते, आणि ही रक्कम विजेतीची नव्हे, सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची. या स्पर्धा आपल्याकडेही होतात, पुण्याला डेक्कन जिमखान्यावर, सोलापूरला. कधी जमलं तर एखाद्या मंगळवारी सकाळी जाऊन बसा. प्रेक्षकांत चार-दोन आईवडील, एखादा प्रशिक्षक, क्लबातले फिरायला आलेले दोन आजोबा. कोर्टवर उझबेकिस्तान, जपान, रशिया, थायलंड अशा कुठून कुठून आलेल्या पोरी. बऱ्याच जणी एकट्या आलेल्या असतात, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः भरतात आणि हरल्या तर त्याच रात्री पुढच्या गावाचं तिकीट शोधतात. तिथून दोन-चार जणी वर जातात. बाकीच्या तिथेच फिरत राहतात.

तामारीन वर गेली, आणि बऱ्यापैकी लवकर. १९९६ मध्ये थायलंडमधल्याच पट्टायाच्या डब्ल्यूटीए स्पर्धेत तिनं अंतिम फेरी गाठली. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. रुमानियाच्या रुक्सांद्रा ड्रागोमिरनं तिला हरवलं.

पुढची सहा वर्षं हेच चाललं. २००० साली बर्मिंगहॅमला अंतिम फेरी, हरली लिसा रेमंडकडून. २००१ मध्ये टोकियोला अंतिम फेरी, हरली मोनिका सेलेसकडून. २००२ च्या जानेवारीत कॅनबेराला अंतिम फेरी, हरली ॲना स्मॅशनोवाकडून. पुढच्याच महिन्यात दोहाला अंतिम फेरी, समोर पुन्हा सेलेस, पुन्हा हार. सेलेस म्हणजे नऊ ग्रँड स्लॅम जिंकलेली बाई, तिच्याकडून हरण्यात कमीपणा नाही. पण पाच अंतिम सामने आणि पाच पराभव हा हिशोब कोणाच्याही मनाला लागणारच.

या मधल्या काळातला एक पराभव मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९९८, बँकॉकचे आशियाई खेळ. महिला एकेरीच्या अंतिम फेरीत तामारीन आणि इंडोनेशियाची यायुक बासुकी. यायुक तेव्हा २८ वर्षांची, आग्नेय आशियाई टेनिसची थोरली बहीणच म्हणा ना. १९९१ मध्ये पट्टाया जिंकून व्यावसायिक एकेरी विजेतेपद मिळवणारी ती पहिली इंडोनेशियन ठरली, पुढे एकेरीत एकूण सहा विजेतेपदं, १९९७ मध्ये विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी. बँकॉकच्या प्रेक्षकांसमोर यायुकनं सुवर्ण नेलं, तामारीनला रौप्य.

गंमत म्हणजे यायुकचं एकेरीतलं सर्वोच्च स्थानही एकोणिसावंच. योग्यकार्ताची एक, बँकॉकची एक, दोघी एकाच पायरीपर्यंत चढल्या. एकीकडे सहा विजेतेपदं आणि दुसरीकडे तोवर शून्य, पण क्रमवारीतली उंची समसमान. सुरुवातीचं कोडं यापेक्षा चांगलं कोणी मांडू शकणार नाही.

हैदराबाद

पहिलं विजेतेपद तिला भारतात मिळालं. फेब्रुवारी २००३, हैदराबाद. अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या इरोदा तुल्यागानोवाला तिनं ६-४, ६-४ असं हरवलं. त्याच स्पर्धेत १६ वर्षांच्या एका स्थानिक मुलीला वाइल्ड कार्ड मिळालं होतं आणि ती पहिल्याच फेरीत तीन सेटमध्ये हरली. तिचं नाव सानिया मिर्झा. दोन वर्षांनी सानियानं ती स्पर्धा जिंकली आणि हैदराबादच्या आठवणींत साहजिकच तीच उरली. तामारीनचं नाव विजेत्यांच्या यादीत आहे, पण त्या सुरुवातीच्या हैदराबादेत जिंकलं कोण होतं, असं आपल्याकडे विचारलं तर टेनिसवेडेही क्षणभर थबकतात.

(वाइल्ड कार्ड म्हणजे आयोजकांच्या हातातली जागा. क्रमवारीत बसत नसली तरी एखाद्या होतकरू, बहुतेक वेळा स्थानिक, खेळाडूला थेट मुख्य स्पर्धेत खेळवायचं. लग्नातल्या ‘घरच्या पंगती’सारखं.)

गवताचा स्वभाव

आता गवत. इथे थोडं रेंगाळावं लागेल.

टेनिस मुख्यतः तीन प्रकारच्या पृष्ठभागांवर खेळतात. हार्ड कोर्ट म्हणजे सिमेंट-डांबराच्या पायावर रंगाचे थर. क्ले म्हणजे विटांचा लाल भुगा. आणि गवत. चेंडू तोच, रॅकेट तीच, पण टप्पा पडल्यावर चेंडू काय करतो ते पूर्ण वेगळं.

मुंबईत पावसाळ्यात कांगा लीगचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पटकन कळेल. ओल्या गवताळ खेळपट्टीवर टप्पा पडल्यावर चेंडू उडत नाही, सटकतो. फलंदाज कंबरेच्या उंचीची तयारी करून उभा आणि चेंडू नडगीवर. टेनिसच्या गवतावर थोडंफार तसंच घडतं. क्लेवर चेंडू जमिनीत किंचित रुततो, वेग गमावतो आणि वर उसळतो, खांद्यापर्यंतही येतो. गवताची पाती गुळगुळीत. चेंडूला धरून ठेवायला तिथे काही नसतं. तो वेग राखून पुढे घसरतो आणि गुडघ्याच्या आसपास राहतो. शिवाय खालची माती कुठे घट्ट, कुठे सैल. स्पर्धेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनजवळचं गवत पायांनी उडून गेलेलं असतं, तिथे टप्पा आणखी वेडावाकडा.

याचा खेळाडूवर होणारा परिणाम सरळ आहे. ज्यांचा सगळा खेळ टॉपस्पिनवर, म्हणजे चेंडूला वरून घासून तो प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याइतका उसळवण्यावर, त्यांचं हत्यार गवतावर अर्धं बोथट होतं. रॅकेट मागे लांब नेऊन मोठा घुमारा घेणाऱ्यांना वेळ पुरत नाही. उलट जे सपाट मारतात, छोट्या हालचालीत, गुडघे वाकवून खाली जाऊन आणि चेंडू चढत असतानाच घेतात, त्यांचं फावतं. तामारीनचा खेळ या दुसऱ्या जातीचा. तिच्या हातात पाशवी ताकद नव्हती. सपाट, लवकर घेतलेले, नेटवरून जेमतेम सुटणारे फटके होते. क्लेवर असा फटका प्रतिस्पर्ध्याला आरामात परतवता येतो. गवतावर तोच खाली घसरत जातो आणि समोरची जमिनीलगत वाकून तो कसाबसा उचलते.

आता अडचण. गवत वर्षातून फार थोडे दिवस मिळतं. फ्रेंच ओपन संपली की विम्बल्डन सुरू व्हायला त्या काळी जेमतेम दोन आठवडे असत (२०१५ पासून तीन झाले). त्या दोन आठवड्यांत गवतावरच्या मोजक्या छोट्या स्पर्धा, मग विम्बल्डनचे दोन आठवडे, आणि महिलांचं गवत जवळजवळ आटोपलं. उरलेलं वर्ष हार्ड कोर्ट आणि क्ले. थोडक्यात, तिचा सगळ्यात चांगला खेळ ज्या जमिनीवर उमटायचा, ती जमीन तिच्या पायाखाली वर्षातून चार आठवडे असायची. कोकणातल्या आंब्याच्या बागायतदाराला विचारा, वर्षभराचा जमाखर्च एका हंगामावर टाकणं म्हणजे काय ते.

ती हार्ड कोर्टवर लंगडी होती असं नाही. हैदराबाद हार्ड कोर्टवरच जिंकली, दोहा-टोकियोच्या अंतिम फेऱ्याही तिथल्याच. पण तिचा पहिला मोठा ठसा, ज्युनिअर विम्बल्डन, गवतावर. बर्मिंगहॅमची अंतिम फेरी गवतावर. पुढे जे घडलं त्यातलंही बरंचसं.

चौथ्या फेरीचा मुक्काम

विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. सात सामने जिंकले की विजेतेपद. तीन जिंकले की तुम्ही चौथ्या फेरीत, म्हणजे उरलेल्या सोळांत. ही फेरी येते दुसऱ्या सोमवारी. त्या काळी पुरुष आणि महिला मिळून चौथ्या फेरीचे सगळे सामने त्याच एका दिवशी व्हायचे. टेनिसप्रेमींच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यात भरगच्च दिवस.

तामारीन १९९८ मध्ये तिथे पोचली. १९९९, २०००, २००१ आणि २००२ मध्येही. २००३ ला मुक्काम हुकला, २००४ मध्ये पुन्हा. सहा वेळा दुसऱ्या सोमवारी ती कोर्टवर उतरली आणि सहाही वेळा हरली. समोर कोण असायचं? २००४ मध्ये सेरेना विल्यम्स. असल्या नावांना तिथे उत्तर नसतं.

पण वरचा २४० चा आकडा आठवा. दरवर्षी विम्बल्डनची चौथी फेरी म्हणजे दरवर्षी नेमानं होणारी मोठी आवक. तिच्या क्रमवारीचा पाया हा होता. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर पायाच्या इतक्या मोठ्या भागाचं भाडं दरवर्षी त्याच दोन आठवड्यांत भरायचं. तिथे एखादं वर्ष पाय घसरला की क्रमवारीत दाणकन खाली. २००४ नंतर तेच झालं. पहिल्या वीसमध्ये असलेली बाई हळूहळू अशा जागी आली जिथून मोठ्या स्पर्धांत शिरण्यासाठी दारात रांग लावावी लागते.

रांगेतून आत

ही रांग म्हणजे पात्रता फेरी. ३२ खेळाडूंची स्पर्धा असेल तर बहुतेक जागा क्रमवारीनुसार आधीच भरतात, काही वाइल्ड कार्डला जातात आणि शेवटच्या थोड्या जागांसाठी बाकीच्यांनी मुख्य स्पर्धेआधी आपसांत खेळायचं. प्रेक्षक जवळजवळ नाहीत, गुण नाममात्र. आणि पात्रता मिळाली तरी मुख्य स्पर्धेत तुम्ही आधीच दमलेले, समोरची ताजीतवानी.

जून २००८. नेदरलँड्समधलं सेर्टोखेनबॉस, विम्बल्डनच्या लगेच आधीच्या आठवड्यातली गवतावरची स्पर्धा. ३१ वर्षांची तामारीन पात्रता फेरीतून खेळायला उतरली. ती पार केली. मग मुख्य स्पर्धेत एकामागून एक पाच सामने जिंकली. अंतिम फेरीत समोर दिनारा साफिना, जी दोनच आठवड्यांपूर्वी फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळून आली होती आणि पुढच्या वर्षी जगात पहिली होणार होती. तामारीननं ७-५, ६-३ असं जिंकलं. हैदराबादनंतर पाच वर्षांनी दुसरं विजेतेपद, रांगेत उभं राहून मिळवलेलं.

ती अंतिम लढत शनिवारी होती. सोमवारी विम्बल्डन सुरू.

इथे एक गोष्ट नवख्याला हमखास गोंधळात टाकते. सेर्टोखेनबॉसच्या छोट्या स्पर्धेत जिला थेट जागा मिळत नाही, तिला विम्बल्डनसारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत थेट जागा कशी? उत्तर जागांच्या संख्येत आहे. विम्बल्डनमध्ये १२८ जागा, त्यातल्या साधारण शंभरावर क्रमवारीनं भरल्या जातात. म्हणजे जगात ऐंशी-नव्वदावी असलेली खेळाडू तिथे आरामात बसते. छोट्या स्पर्धेत जागा ३२, आणि विम्बल्डनच्या आधी गवताचा सराव तर सगळ्यांनाच हवा, त्यामुळे तिथे झुंबड. मुंबईच्या लोकलमध्ये बारा डब्यांत तुम्हाला जागा मिळेल, पण तीन आसनी रिक्षात मिळेलच असं नाही, तसं.

तर विम्बल्डन. तीन फेऱ्या जिंकून तामारीन सातव्यांदा चौथ्या फेरीत. समोर दुसरी मानांकित सर्बियाची येलेना यांकोविच, जी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जगात अव्वल झाली. सामना ठेवला होता १८ नंबरच्या कोर्टवर, मुख्य कोर्टांपासून लांब. दुसऱ्या मानांकित खेळाडूला असं कडेला टाकलं म्हणून यांकोविच नाराज होती, आणि तिचा गुडघाही दुखरा होता. तामारीनला कोर्ट कितव्या नंबराचं याच्याशी देणंघेणं नसावं. असल्या कडेच्या कोर्टांवर तिची निम्मी कारकीर्द गेली होती. ६-३, ६-२. सातव्या खेपेला दार उघडलं आणि ग्रँड स्लॅमच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठणारी ती पहिली थाई महिला ठरली.

त्या वर्षी महिला गटात उलथापालथच झाली. पहिल्या चार मानांकित खेळाडूंपैकी एकीलाही उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही, आणि चीनची झेंग जिए वाइल्ड कार्डवर येऊन उपांत्य फेरीपर्यंत पोचली. तामारीनचा रस्ता पुढच्या सामन्यात व्हीनस विल्यम्सनं अडवला, ६-४, ६-३. व्हीनस ती स्पर्धा जिंकली.

भाडं भरायची वेळ

जून २००९. बावन्न आठवडे सरले. सेर्टोखेनबॉसचे गुण संपायला आले, त्यांच्या मागोमाग विम्बल्डनचेही. मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात कठीण आठवडा हा होता, २००८ चा नव्हे. २००८ मध्ये गमावण्यासारखं काही नव्हतं. २००९ मध्ये पहिल्याच फेरीत हरली असती तर आख्ख्या विजेतेपदाचे गुण एका दुपारी गेले असते.

ती पुन्हा जिंकली. अंतिम फेरीत बेल्जियमची उगवती खेळाडू यानिना विकमायर, जी त्याच वर्षी यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत गेली. ६-३, ७-५. बत्तिसाव्या वर्षी गवतावरचं लागोपाठ दुसरं विजेतेपद. हिशोबात बघितलं तर तिच्या गुणांत फारशी भर पडलीच नाही, गेले तेवढे आले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढी स्पर्धा जिंकली आणि क्रमवारीत उडी कशी नाही? म्हणून. विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी मात्र पुन्हा कधी जमली नाही. ते भाडं थकलं आणि ती खोली सोडावी लागली.

दोघींचं वय मिळून त्र्याहत्तर

२०१० च्या फेब्रुवारीत पट्टाया. १९९६ मध्ये जिथे पहिली अंतिम फेरी हरली होती, तिथेच चौदा वर्षांनी पुन्हा अंतिम फेरी. रशियाची वेरा झ्वोनारेवा ६-४, ६-४ अशी जिंकली. मायदेशातली एकेरीची ही स्पर्धा तामारीनला कधीच जिंकता आली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानमध्ये ओसाका. अंतिम फेरीत समोर किमिको दाते-क्रुम. ही आणखी एक थक्क करणारी बाई. नव्वदच्या दशकात जगात चौथ्या नंबरापर्यंत गेलेली, १९९६ मध्ये निवृत्त झालेली, आणि बारा वर्षांनी परत येऊन पोरीबाळींना घाम फोडणारी. ओसाकाच्या सामन्याच्या वेळी ती नुकतीच चाळिशीची झाली होती, तामारीन ३३ ची. दोघींचं वय मिळून ७३. डब्ल्यूटीएच्या एकेरीच्या अंतिम फेरीत इतकं एकत्रित वय त्याआधी कधी दिसलं नव्हतं.

सामना तीन सेट चालला. ७-५, ६-७, ६-१. दुसरा सेट टायब्रेकमध्ये निसटल्यावर बहुतेक जणींचा धीर सुटतो, त्यात आख्खं स्टेडियम समोरचीच्या बाजूनं. तिसऱ्या सेटचा आकडा पुन्हा वाचा. चौथं विजेतेपद, आणि एकेरीतलं शेवटचं.

चारपैकी तीन विजेतेपदं तिशीनंतरची. एकोणिसाव्या क्रमांकावर होती तेव्हा शून्य.

दुहेरीबद्दल थोडंसं

एकेरी आणि दुहेरीची क्रमवारी वेगवेगळी असते, एकीतले गुण दुसरीत धरत नाहीत. म्हणून उतारवयाकडे झुकलेले खेळाडू दुहेरीकडे वळतात. अर्ध्या कोर्टची जबाबदारी, कमी धावाधाव, अनुभवाला जास्त भाव. तामारीननं दुहेरीत आठ विजेतेपदं मिळवली, आणि २०११ मध्ये, ३४ व्या वर्षी, न्यूझीलंडच्या मरिना एराकोविचबरोबर विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. पुन्हा गवत.

तिच्यानंतर

२०१६ मध्ये ती थांबली. १९९४ पासून मोजलं तर बावीस वर्षं.

थायलंडच्या मुली आपल्याकडे येतात, जिंकतातही. २०१८ मध्ये मुंबईत सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टवर झालेली मुंबई ओपन लुकसिका कुमखुमनं जिंकली, पहिला सेट १-६ असा गमावून. आग्नेय आशियातलं सध्याचं चर्चेतलं नाव फिलिपिन्सच्या ॲलेक्झांड्रा ईआलाचं. मार्च २०२५ मध्ये मायामीत तिनं ओस्टापेन्को, मॅडिसन कीज आणि इगा श्वियांतेक अशा तीन ग्रँड स्लॅम विजेत्यांना एकाच स्पर्धेत हरवलं. जून २०२५ मध्ये ती कारकिर्दीतल्या पहिल्या डब्ल्यूटीए अंतिम फेरीत पोचली, इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला. हरली. ती स्पर्धा गवतावरची होती.

निवृत्त खेळाडूच्या नावावरचे गुणही तसेच बावन्न आठवड्यांच्या कराराचे. शेवटची स्पर्धा खेळून झाली की दर सोमवारी लागणाऱ्या नव्या यादीत जुन्या स्पर्धांचे गुण एकेक करून गळत जातात, आणि वर्ष उलटलं की यादीत नावच उरत नाही.